दूध संघात ईआरपी बसवताना दिवसभर सोबत असणारे एक्सेल

मी ईआरपीची, म्हणजे संस्थेची खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, फंक्शनल कन्सल्टंट आहे, कोल्हापूरची. आमचे काम बहुतेक दूध संघ, पशुखाद्याचे कारखाने आणि त्यांच्या आजूबाजूच्या लहान उद्योगांत असते. नवे सॉफ्टवेअर बसवायचे, जुना हिशेब त्यात आणायचा, तिथल्या माणसांना ते शिकवायचे आणि पहिले काही महिने बिले चुकू नयेत म्हणून त्यांच्या शेजारी बसायचे. बसवत असलेले ईआरपी प्रकल्पागणिक बदलते, पण माझ्या स्क्रीनवर सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असते ते मायक्रोसॉफ्ट एक्सेल. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले-मुली मला विचारतात, ताई, आधी कोणते ईआरपी शिकू? मी त्यांना आधी एक्सेल नीट शिकायला सांगते. ते का, आणि ते वापरताना कुठे जपायचे, हे या परीक्षणात लिहिते आहे. मी विंडोजवर मायक्रोसॉफ्ट ३६५ सोबत येणारी आवृत्ती वापरते, तेव्हा पुढचे सगळे त्या अनुभवातून.

माझे मत आधीच सांगून टाकते: पाचपैकी साडेचार. हे गुण आलेख, रंगीत तक्ते किंवा नव्या एआय बटणांसाठी नाहीत. क्लायंटचा धंदा प्रत्यक्षात कसा चालतो हे बहुतेक वेळा एकाच जागी लिहिलेले असते, आणि ती जागा म्हणजे त्यांच्याच माणसांनी वर्षानुवर्षे वाढवत नेलेली एक्सेल फाईल. ती फाईल नीट वाचू देणारे साधन म्हणून मी एक्सेलला एवढे मानते.

सकाळचा स्टेटस कॉल अर्ध्या तासात उरकतो. इश्यू लॉग ही एक्सेलची साधी यादी: क्रमांक, कोणी मांडला, कोणाकडे आहे, कधीपर्यंत. त्यासाठी एक्सेलच हवे असे काही नाही. खरे काम सुरू होते ते अकाउंट्स विभागात जाऊन त्यांची दूध बिलाची फाईल उघडल्यावर.

समजा, आदल्या आठवड्यात बैठक झाली आहे. आम्ही विचारले, दर कसा काढता? उत्तर आले, दरपत्रकाप्रमाणे. दरपत्रक छापील असते, गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा पाया धरलेला, त्यावर पॉइंटागणिक वाढ आणि खाली कपात. आम्ही ते दस्तऐवजात लिहिले, साहेबांनी सही केली. कागदोपत्री गरज स्पष्ट झाली. मग दहा दिवसांच्या बिलाची फाईल उघडते आणि दिसते की दराच्या रांगेत इफच्या (अट तपासणाऱ्या सूत्राच्या) आत इफ, त्याच्या आत आणखी एक इफ. एका रूटवरच्या, म्हणजे दूध गोळा करणाऱ्या गाडीच्या एका मार्गावरच्या, गावच्या संस्थांना वाहतुकीचा हिशेब वेगळा. फॅट एका मर्यादेखाली गेली की दर दुसऱ्याच तक्त्यातून उचललेला. पशुखाद्याची कपात कोणाची एकरकमी तर कोणाची हप्त्याने, आणि तो हप्ता किती हे एका लपवलेल्या कॉलममध्ये. बैठकीत यातले एक वाक्य कोणी बोललेले नसते. लपवायचे म्हणून नव्हे. रोजच्या हाताला ते इतके सवयीचे झालेले असते की तो एक नियम आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

एसएनएफचेच घ्या. लॅक्टोमीटरच्या डिग्रीचा चौथा भाग, त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि शेवटी एक स्थिरांक मिळवायचा, असे ते सूत्र. हा शेवटचा स्थिरांक सगळीकडे एकच नसतो. दुसऱ्या दशांश स्थळावरचा तो आकडा बदलला की एसएनएफ बदलते, एसएनएफ बदलले की दर बदलतो आणि गावातल्या प्रत्येक उत्पादकाच्या बिलावर त्याचा परिणाम होतो. मी विचारते, काका, हा आकडा कुठून आला? ते म्हणतात, "मॅडम, ते आधीच्या साहेबांनी घातलंय. तेव्हापासून तसंच चालू आहे." या एका उत्तरातून माझ्या पुढच्या दोन दिवसांचे काम निघते. ईआरपीत त्या आकड्याला स्वतःची जागा द्यावी लागते, तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहावे लागते, आणि तो बदलायचा अधिकार कोणाला हे संचालक मंडळाकडून ठरवून घ्यावे लागते.

असे वाचन करायला एक्सेल जी मदत करते तिची चर्चा फार कमी होते. 'शो फॉर्म्युलाज' दाबले की आकड्यांच्या जागी सगळी सूत्रे उघडी पडतात. 'ट्रेस प्रेसिडंट्स'ने बाण काढून दाखवले जाते की हा आकडा कुठकुठल्या चौकटींतून आला. 'इव्हॅल्युएट फॉर्म्युला' लांबलचक सूत्र एकेक पायरीने सोडवत नेते, आणि मला सगळ्यात प्रिय असलेली सोय म्हणजे 'गो टू स्पेशल'. त्यात 'कॉन्स्टंट्स' निवडले की सूत्रांच्या रांगेत कोणी हाताने ठोकलेला आकडा चटकन निवडून समोर येतो. हजार ओळींत तीन ठिकाणी हाताने दर भरलेला असेल तर त्या तीन संस्थांची काहीतरी वेगळी गोष्ट असते, आणि ती मला त्यांच्याकडून ऐकायची असते. लपवलेल्या शीट साध्या 'अनहाइड'ने दिसतात, पण 'व्हेरी हिडन' असा एक प्रकार आहे. तो त्या यादीत येतच नाही, व्हीबीएच्या (एक्सेलच्या आतल्या प्रोग्रामिंगच्या) खिडकीतूनच उघडावा लागतो. जुनी फाईल हातात आली की मी ती खिडकी आधी पाहते.

आकडा वर आणि त्यामागचा विचार त्याच चौकटीत खाली, ही कल्पना एक्सेलची स्वतःची नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली अॅपल टू संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणले, तिथून ती आली. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. पण त्या कल्पनेमुळेच सहकारातल्या एखाद्या संघाचा पंधरा वर्षांचा व्यवहार, निवृत्त होऊन गेलेल्या माणसाच्या निर्णयांसकट, मला आज वाचता येतो. छापील अहवालातून तो कळला नसता.

दुपारपर्यंत डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेणे. इथे एक्सेलचे वागणे आधी समजून घ्यावे लागते, कारण त्याला आकडा दिसला की ते तो आकडा म्हणूनच वाचते. दूध संस्थेचा कोड ००४५ टाइप केला की ४५ उरतो. जीएसटीसाठी लागणारे एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचे क्रमांक, तर दुग्धपदार्थांच्या बाबतीत शून्यानेच सुरू होतात, कारण हे पदार्थ त्या वर्गवारीच्या चौथ्या प्रकरणात येतात: ०४०२ दूध भुकटी, ०४०५ लोणी-तूप, ०४०६ चीज आणि पनीर. पुढचे शून्य गेले की कोड चुकला. रूट पाच, गाडी दोन असे दाखवायला संकलन विभागातल्या ताई ५-२ लिहितात आणि चौकटीत ५ फेब्रुवारी उभी राहते. मागे जाऊन त्या चौकटीचा प्रकार 'टेक्स्ट' केला तरी ५-२ परत येत नाही, तिथे पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातली एक संख्या दिसते. एक्सेल तारीख ठेवते ती १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेल्या दिवसांच्या रूपात. १५ मार्च २०२३ म्हणजे त्याच्या लेखी ४५,०००. हे एकदा कळले की तशी संख्या दिसताच कोणाची तरी तारीख झालेली आहे हे ओळखता येते.

याच मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न आलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या त्या काळच्या आघाडीच्या स्प्रेडशीटमध्ये १९०० हे लीप वर्ष मानले होते. त्या फाईली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने तेच ठेवले, आणि ते आजही तसेच आहे. मला यात दोष काढावासा वाटत नाही. जुन्या फाईली घेऊन नव्या घरात जाणे म्हणजे काय, हे रोज पाहणाऱ्याला त्या निर्णयामागची काळजी कळते.

लांब आकड्यांचे प्रकरण जास्त गंभीर आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंक खरे ठेवते, त्यापुढच्या अंकांचे शून्य करते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. असा क्रमांक संख्या म्हणून चिकटवला की शेवटचा अंक शून्य होतो आणि उत्पादकाचे दहा दिवसांचे पैसे भलत्याच खात्याच्या नावाने बँकेकडे जाऊ शकतात. आधार क्रमांक १२ अंकी, म्हणजे १५ च्या आत. तो हरवत नाही, पण साध्या चौकटीत दशांश आणि 'ई'च्या खुणेने आखडून दाखवला जातो. तीच फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाईल) म्हणून साठवली तर पडद्यावर दिसणारे ते आखडलेले रूपच साठवले जाते, आणि मूळ अंक कायमचे जातात. म्हणून माझा नियम असा की कोड, खाते क्रमांक, आधार, मोबाईल, पिन कोड, ज्यांची कधी बेरीज करायची नाही ते सगळे कॉलम डेटा यायच्या आधीच 'टेक्स्ट' करायचे. नंतर करून उपयोग नसतो.

हा त्रास जगभरात होता. मानवी जनुकांची काही लघुनावे मार्च१, सेप्ट१ अशी होती आणि शास्त्रज्ञांच्या फाईलींत त्यांच्या तारखा होत होत्या. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये 'ऑप्शन्स'च्या 'डेटा' भागात आपोआप होणारे हे बदल थांबवण्याची सोय दिली. पुढचे शून्य काढू नको, लांब संख्या मजकूर म्हणून ठेव, अक्षर-अंकांच्या जोडीची तारीख करू नको, असे तिथे सांगता येते. नवा लॅपटॉप हातात आला की माझे पहिले काम तेच. ५-२ सारख्या नोंदींसाठी मात्र 'टेक्स्ट' कॉलम लागतोच.

आयएफएससीची, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडची, तपासणी हा माझा आवडता भाग. हा कोड ११ अक्षरांचा आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य. लिहिणारा तिथे इंग्रजी 'ओ' लिहून बसतो आणि डोळ्याला फरक दिसत नाही. एक्सेलमध्ये 'मिड' वापरून पाचवे अक्षर वेगळे काढले की सगळे चुकीचे कोड एका झटक्यात सापडतात. जीएसटी क्रमांकाचेही तसेच: १५ अक्षरे, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पुरवठादारांच्या यादीत पॅनचा वेगळा कॉलम असेल तर दोन्ही एकमेकांशी ताडून पाहते. सांगली-कोल्हापूरचा पत्ता आणि सुरुवातीला २९ दिसले तर तो पुरवठादार कर्नाटकातला, सीमेपलीकडे कारखाना असलेला. त्याला आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, लागणार. एका साध्या सूत्राने एवढे सगळे बाहेर येते.

आता मराठी नावांबद्दल, कारण इथे आपल्याकडच्या प्रत्येक प्रकल्पाचे घोडे अडते. सभासदांची जुनी यादी बहुधा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये असते. पडद्यावर देवनागरी दिसते, पण चौकटीत खरी साठवण रोमन अक्षरांची आणि चिन्हांची. तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडले की नावांच्या जागी निरर्थक अक्षरे. एक्सेल स्वतः हे रूपांतर करून देत नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. युनिकोडमध्ये आलेल्या यादीतही एक बारीक गोष्ट शिल्लक राहते. कऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्या यांतला र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात. त्यात कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी नंतर, 'पाटील' कुठे र्‍हस्व कुठे दीर्घ. म्हणून नावावरून दोन याद्या जुळवणे मी करत नाही आणि माझ्या टीमलाही करू देत नाही. जुळवणी कोडवर, नाव फक्त माणसाने वाचून खात्री करण्यासाठी.

सीएसव्ही फाईल सरळ डबल-क्लिक करून उघडली तर मराठी नावांची मोडतोड दिसण्याची शक्यता फार. ती 'डेटा'मधून आणावी, आणताना युनिकोड यूटीएफ-८ निवडावे. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय घ्यावा. मात्र या एका बाबतीत मी लिबरऑफिस कॅल्कला वरचढ मानते. ते सीएसव्ही उघडताना आधीच थांबते आणि विचारते की अक्षरांचा संकेत कोणता, कोणता कॉलम मजकूर धरायचा. विनामूल्य असलेल्या त्या सॉफ्टवेअरची ही साधी विचारणा पुष्कळ नुकसान टाळते.

डेटा साफ करण्याचे काम मी एक्सेलच्या पॉवर क्वेरी या साधनात करते. एक्सेल २०१० आणि २०१३ ला ते वेगळे जोडावे लागायचे, २०१६ पासून आतच आहे. केलेली प्रत्येक पायरी त्यात नोंदली जाते: ही रिकामी ओळ काढली, हा कॉलम मजकूर केला, या दोन याद्या जोडल्या. महिनाभराने संघाकडून सुधारित यादी आली की फक्त 'रिफ्रेश'. साध्या शीटवर हाताने केलेल्या सफाईचा मागमूस राहत नाही, आणि कन्सल्टंटने केलेल्या कामाचा माग राहायलाच हवा. कोणी विचारले की या सभासदाचे नाव यादीतून का गेले, तर मला पायरी दाखवता आली पाहिजे. नवशिक्यांनी आलेखांवर वेळ घालवण्याआधी हे शिकावे असे मला मनापासून वाटते.

एक छोटी सूचना याच जागी. वेबपेजवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची मोकळी जागा असते, १६० क्रमांकाची. 'ट्रिम' तिला हात लावत नाही. दोन कोड डोळ्यांना एकसारखे, तरी जुळत नाहीत, असे झाले की आधी 'लेन'ने अक्षरे मोजा, मग 'सब्स्टिट्यूट'ने ती जागा काढा.

दुपारी कँटीनमध्ये डबा आणि संघाचे ताक. दूध संघात काम करण्याचा हा लाभ मी कशाच्याही बदल्यात सोडणार नाही.

जेवणानंतर यूएटी, म्हणजे संघाच्याच माणसांकडून नव्या सॉफ्टवेअरची तपासणी. एका दहा दिवसांची सगळी बिले जुन्या फाईलमधून आणि तीच बिले ईआरपीतून काढायची, मग संस्थेगणिक फरक मांडायचा. फरक शून्य आला तर सही. माझ्या मते ईआरपी प्रकल्पातला हा सगळ्यात प्रामाणिक तास असतो. सादरीकरणात सगळेच चालते, इथे गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला ओळखीचा असलेला आकडा यावा लागतो.

जुळवणीसाठी, म्हणजे एका यादीतला कोड दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यासमोरचा आकडा आणण्यासाठी, जुन्या व्हीलूकअपच्या जागी आता एक्सलूकअप हे सूत्र आहे आणि मी त्याची पुरस्कर्ती आहे. व्हीलूकअपमध्ये जुळवणी तंतोतंत हवी की अंदाजे हे सांगणारा शेवटचा भाग द्यायचा राहिला तर ते अंदाजे जुळवणी धरते, आणि यादी क्रमाने नसेल तर कसलीही सूचना न देता चुकीचा आकडा आणून ठेवते. चूक दिसली तर माणूस दुरुस्त करतो. बरोबर वाटणारा चुकीचा आकडा मात्र थेट बिलात जातो. एक्सलूकअप मुळातच तंतोतंत जुळवणी करते, न सापडल्यास काय लिहायचे ते विचारते आणि डावीकडचा कॉलमही आणून देते. ते २०१९ मध्ये जाहीर झाले, पण एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. २०२१ पासून पुढे किंवा ३६५ मध्येच आहे. क्लायंटच्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतेच, तर फाईल द्यायच्या आधी सूत्रांच्या जागी त्यांची निघालेली उत्तरे चिकटवावी लागतात किंवा इंडेक्स-मॅच ही जुन्या सूत्रांची जोडी वापरावी लागते. प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक विभागातल्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे हे मी लिहून घेते.

फरक बहुतेक वेळा पैशांत येतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पूर्णांकन असते. चौकटीत दोन दशांश दिसत असले तरी एक्सेल आत पूर्ण संख्या धरून ठेवते आणि बेरीज त्या आतल्या संख्यांची करते. ईआरपी मात्र प्रत्येक ओळ दोन दशांशांवर पूर्ण करून मग बेरीज करते. लिटरचे किलो करताना १.०३ ने गुणायचे, त्याला दराने गुणायचे, सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांच्या वीस ओळी. शेवटी काही पैशांचा फरक पडतो. अशा वेळी अकाउंट्समधले काका म्हणतात, "मॅडम, सात पैशांचं काय एवढं!" पण मी तो सोडत नाही. सात पैशांचे कारण 'राउंड' आहे हे सिद्ध करून दाखवले की त्यामागे लपलेला सात रुपयांचा दुसरा फरक असेल तर तोही वेगळा दिसतो. सगळ्या ओळींना 'राउंड' लावून पुन्हा ताडले आणि फरक शून्यावर आला, की मग काकाच पुढच्या संस्थेची फाईल स्वतःहून उघडतात.

करबदलाची चाचणीही अशीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी आणि चीज यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पाकिटबंद पनीरवरचा ५ वरून शून्यावर गेला. अशा वेळी ईआरपीच्या कर-मास्टरमध्ये दरासोबत तारीख लागते, कारण २१ तारखेचे बिल आणि त्याची नंतर आलेली क्रेडिट नोट जुन्या दरानेच व्हायला हवी. मी एक्सेलमध्ये एक छोटा तक्ता करते: पदार्थ, बिलाची तारीख, अपेक्षित दर, ईआरपीने लावलेला दर. चाळीस-पन्नास ओळींचा हा तक्ता यूएटीच्या सहीसोबत जोडला की नंतर कोणाच्या मनात शंका राहत नाही. प्रत्येक महिन्याच्या १४ तारखेला येणाऱ्या जीएसटीआर-२बीशी (खरेदीवर मिळणाऱ्या करवजावटीच्या जीएसटी पोर्टलवरच्या विवरणाशी) खरेदी नोंदवही जुळवण्याचे कामही पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) आणि एक्सलूकअप यांच्यावरच उभे आहे.

संध्याकाळी बैठकीचे इतिवृत्त आणि फाईलींची आवराआवर. शेअरपॉइंट किंवा वनड्राइव्हवर ठेवलेल्या एकाच फाईलमध्ये दोघा-तिघांना एकाच वेळी काम करता येते आणि 'व्हर्जन हिस्टरी'तून कालची प्रतही मिळते. इथे गुगल शीट्स अजूनही हाताला हलके वाटते. ज्यांची फाईल लहान आणि माणसे तीन गावांत विखुरलेली, त्यांनी खुशाल तेच वापरावे. पण मोठी सूत्रे, पॉवर क्वेरी आणि नेटशिवाय बसून काम या तिन्हींसाठी मी एक्सेलकडेच येते. दूध थंड करणाऱ्या चिलिंग सेंटरवर गेल्यावर नेट असेलच याचा भरवसा नसतो.

अर्धा गुण कापला तो मराठीसाठी. जुन्या फाँटची नावे युनिकोडमध्ये आणणे, सारखी दिसणारी पण आत वेगळी असलेली अक्षरे ओळखून दाखवणे, हे एक्सेलमध्येच असायला हवे होते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या संस्थांचे अर्धे जुने दप्तर आज त्याच अवस्थेत पडून आहे.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते: एक्सेलमध्ये हिशेब तपासा, हिशेबाचे कोठार करू नका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, आणि हे २००७ पासून. त्याआधीच्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ च बसायच्या. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुन्या प्रकारच्या फाईलची ही मर्यादा ओलांडली गेली आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेत कळवता आले नाही. रोज दोन वेळा, शेकडो संस्थांचे, हजारो उत्पादकांचे संकलन वर्षभर एका शीटमध्ये भरत राहणे हा त्याच वाटेवरचा प्रवास आहे. त्याची जागा डेटाबेस, आणि आम्ही ईआरपी बसवायला येतो ते त्यासाठीच.

आवृत्तीचे म्हणाल तर शिकणाऱ्याने ३६५ घ्यावे, कारण नवी सूत्रे तिथे आधी येतात. एकदाच पैसे भरायचे असतील तर २०२४ ची आवृत्ती पुरते. २०१६ आणि २०१९ यांचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेव्हा बिलाच्या मशीनवर त्या ठेवू नयेत. लिबरऑफिस कॅल्कमध्येही २०२४ पासून एक्सलूकअप आले आहे, ज्यांना खर्च झेपत नाही त्यांची त्यावर उत्तम सोय होते.

गो-लाइव्ह झाल्यावर, म्हणजे नवे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, जुन्या फाईलींचे काय करायचे, हे क्लायंट हमखास विचारतात. सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ८१ खाली होते आणि सुरुवातीची शिल्लक कुठून आली हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणारच. जीएसटीची कागदपत्रे तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणून कटओव्हरच्या, म्हणजे जुना हिशेब बंद करून नव्यात जाण्याच्या, दिवशीची प्रत एक्सएलएसएक्स प्रकारात साठवा. तो २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडतो. फाईलचे पासवर्ड काढा, दुसऱ्या फाईलींकडे जाणारे दुवे तोडून त्या जागी निघालेली उत्तरे ठेवा, सूत्रांची शीट मात्र तशीच राहू द्या. पहिल्या शीटवर फाईल कोणी, कधी आणि कोणत्या ट्रायल बॅलन्सशी (खात्यांच्या शिलकींच्या तेरजेशी) ताडली ते लिहा, खाली अकाउंट्स प्रमुखांचे नाव घाला, आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.